पोकेमॉनच्या पत्त्यांचा पहिला डेक कसा निवडावा

मेंढीकोट किंवा बदाम सात या घरोघरी खेळल्या जाणाऱ्या खेळांत बावन्न पानांचा एकच कॅट असतो आणि तो पिसून सगळ्यांना वाटला जातो, त्यामुळे कोणाच्या हातात काय येईल हे बरेचसे नशिबावर सोडलेले असते. संग्राह्य पत्त्यांच्या खेळांची रीत मुळातच वेगळी आहे. तेथे प्रत्येक खेळाडू स्वतःचा कॅट, म्हणजे खेळाडूंच्या बोलीतला ‘डेक’, आधीच बांधून आणतो आणि डावभर त्याच डेकमधून पाने उचलतो; हजारो पत्त्यांपैकी कोणते घ्यायचे हा निर्णय डाव मांडण्यापूर्वीच झालेला असतो. म्हणून या खेळात नव्याने येणाऱ्याला नियमांच्याही आधी खरेदीचा प्रश्न पडतो. दुकानात लहान पाकिटे, पत्र्याचे डबे, मोठ्या सजवलेल्या पेट्या आणि तयार डेक असे सगळेच शेजारी शेजारी मांडलेले असताना पहिले पैसे कशावर खर्च करावेत?

या जातीच्या खेळांची सुरुवात रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेल्या आणि १९९३ मध्ये बाजारात आलेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’पासून झाली. पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ १९९६ मध्ये जपानमध्ये निघाला आणि १९९९ मध्ये मॅजिक काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट याच कंपनीने तो इंग्रजीत आणला. या लेखात उदाहरण पोकेमॉनचे घेतले आहे, कारण आपल्याकडच्या शाळकरी मुलांच्या दप्तरांत जे पत्ते सर्रास सापडतात ते याच नावाचे असतात, आणि ते हौसेने जमवणाऱ्या कित्येकांना त्यांनी खेळताही येते याची कल्पना नसते.

डेक निवडण्यापुरते नियम थोडक्यात असे आहेत. डेक नेमका ६० पत्त्यांचा असतो. एकाच नावाचे पान त्यात जास्तीत जास्त चार वेळा घालता येते. फक्त मूलभूत ऊर्जेच्या पानांना ही मर्यादा नाही. पत्त्यांचे प्रकार तीन आहेत: लढणारे पोकेमॉन, त्यांच्या हल्ल्यांना लागणारी ऊर्जा म्हणजे एनर्जी, आणि डेकमधून हवे ते पान शोधून देणारे, रिकामा हात भरून देणारे किंवा समोरच्याची मांडणी बिघडवणारे ट्रेनर. सुरुवातीला प्रत्येक जण सात पाने उचलतो, त्यांतला निदान एक बेसिक, म्हणजे थेट मांडता येणारा, पोकेमॉन समोर मांडतो आणि डेकमधली वरची सहा पाने न बघता ‘प्राइझ’ म्हणजे बक्षीस म्हणून पालथी बाजूला ठेवतो. समोरच्याचा एखादा पोकेमॉन बाद केला की आपल्या बक्षिसांतले पान आपण हातात घ्यायचे, आणि ज्याची सहाही पाने आधी घेऊन होतील तो जिंकतो. समोरच्याकडे मैदानात एकही पोकेमॉन उरला नाही, किंवा त्याच्या पाळीच्या सुरुवातीला उचलायला डेकमध्ये पानच राहिले नाही, तरीही डाव आपला होतो. एका पाळीत ऊर्जेचे एकच पान हाताने जोडता येते आणि सपोर्टर या प्रकारातला एकच ट्रेनर खेळता येतो, तर आयटम या प्रकारातले ट्रेनर मात्र हवे तितके खेळता येतात. एखादा डेक चांगला का चालतो आणि दुसरा का अडखळतो, याची कारणे शोधत गेल्यास बहुतेक वेळा या बंधनांपाशीच येऊन पोहोचावे लागते.

नवखा खेळाडू डेकचे खोके हातात घेतो तेव्हा वर छापलेल्या मोठ्या पोकेमॉनकडे आणि त्याच्या एचपीच्या, म्हणजे प्राणशक्तीच्या, आकड्याकडे पाहतो. हे स्वाभाविक आहे, पण उपयोगाचे नाही, कारण ते देखणे पान साठांपैकी एक आहे आणि ते वेळेवर हातात आले तरच त्याचा आकडा कामाचा. हिशेब करून पाहावा. एखादे पान डेकमध्ये एकदाच असेल तर ते पहिल्या सात पानांत येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के असते. त्याच्या दोन प्रती असतील तर ही शक्यता सुमारे २२ टक्क्यांवर जाते आणि चारही प्रती घातल्या तर ४० टक्क्यांवर. शिवाय एकुलती एक प्रत बक्षिसांच्या सहा पानांत जाऊन बसण्याची शक्यता १० टक्के असते, म्हणजे सरासरी दहांतल्या एका डावात ते पान सुरुवातीला डेकमध्ये नसतेच आणि ते शोधण्यासाठी खेळलेला ट्रेनर वाया जातो.

यावरून पहिल्या डेकची जी कसोटी निघते ती माझ्या मते बाकी सगळ्या कसोट्यांच्या आधी लावावी: डेकमध्ये वेगवेगळी नावे किती आहेत आणि पुनरावृत्ती किती आहे हे मोजावे. चाळीस वेगवेगळ्या नावांचा डेक पाहताना श्रीमंत वाटतो, पण तो प्रत्येक डावात वेगळाच वागतो. ज्याच्यात मुख्य पोकेमॉनच्या तीन-चार प्रती आणि महत्त्वाच्या ट्रेनरांच्या चार-चार प्रती आहेत तो डेक उलगडून ठेवला तर कंटाळवाणा दिसतो, आणि तोच शिकण्यासाठी चांगला असतो. याचे कारण जिंकण्याशी जितके आहे त्याहून अधिक समजण्याशी आहे. डेक दर डावात साधारण तेच काम त्याच रीतीने करू लागला की हरल्यावर आपली चाल चुकली की पानेच वाईट आली हे ओळखता येते. नाही तर प्रत्येक पराभवाचे खापर पिसण्यावर फोडण्याची सवय लागते.

हाच हिशेब बेसिक पोकेमॉनांनाही लागू होतो. पहिल्या सात पानांत एकही बेसिक पोकेमॉन आला नाही तर हात समोरच्याला दाखवून पुन्हा पिसावे लागते आणि त्याबद्दल समोरच्याला एक जादा पान उचलता येते. डेकमध्ये आठच बेसिक असतील तर ही नामुष्की येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के असते, बारा असतील तर १९ टक्के आणि पंधरा असतील तर १२ टक्के. मुरलेले खेळाडू कधी कधी कमी बेसिक ठेवून हा धोका जाणूनबुजून पत्करतात. नवख्याने तो घेऊ नये.

उत्क्रांत होणाऱ्या पोकेमॉनांचे काय, हा पुढचा प्रश्न. बेसिक पोकेमॉनवर स्टेज १ आणि त्यावर स्टेज २ असे चढत जावे लागते, आणि जे पान ज्या पाळीत मैदानात आले त्याच पाळीत ते उत्क्रांत करता येत नाही. म्हणजे स्टेज २ चा पोकेमॉन सरळ मार्गाने उभा करायचा तर तीन पाळ्या आणि तीन वेगवेगळी पाने योग्य क्रमाने हातात हवीत. ज्या डेकमध्ये अशा दोन-तीन वेगवेगळ्या शिड्या आहेत आणि प्रत्येकीची एक-दोनच पाने आहेत, तो डेक नवख्याच्या हातात हमखास अडकतो. बेसिक पोकेमॉननेच लढणारा किंवा एकच शिडी नीट भरलेला डेक पहिल्यासाठी बरा.

आता प्रत्यक्ष बाजारात काय मिळते ते पाहू. पोकेमॉन कंपनी नवख्यांसाठी जे तयार डेक काढते त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. ‘बॅटल अकॅडमी’ ही पेटी २०२० मध्ये प्रथम आली आणि तिच्या सुधारित आवृत्त्या २०२२ व २०२४ मध्ये निघाल्या. तिच्यात पटासह साठ-साठ पत्त्यांचे तीन डेक असतात आणि पहिला डाव पायरीपायरीने खेळवून घेणाऱ्या पुस्तिका असतात. ‘ईएक्स बॅटल डेक’ (ईएक्स म्हणजे नेहमीपेक्षा अधिक ताकदीचे पोकेमॉन) हा एकेकटा विकला जाणारा, तुलनेने स्वस्त आणि सोपा डेक असतो आणि तो बहुधा जोडीने बाजारात येतो. तिसरा ‘लीग बॅटल डेक’. तो स्पर्धांत खरोखर खेळल्या जाणाऱ्या डेकच्या धर्तीवर बांधलेला असतो, महाग असतो, आणि त्यातली बहुतेक पाने पुढेही उपयोगी पडतात.

या तिसऱ्या प्रकारातला एक डेक जवळून पाहण्यासारखा आहे, कारण चांगली बांधणी म्हणजे काय ते त्यात स्पष्ट दिसते. २०२४ मध्ये आलेला चारिझार्ड ईएक्सचा लीग बॅटल डेक घ्या. त्याचा मुख्य पोकेमॉन ३३० एचपीचा चारिझार्ड ईएक्स असून तो स्टेज २ चा आहे, म्हणजे चारमँडर, चारमेलियन, चारिझार्ड अशी पूर्ण शिडी. वर सांगितलेल्या कारणाने हे नवख्याला जड जायला हवे, पण डेकमध्ये या अडचणीवर दोन उपाय ठेवलेले आहेत. रेअर कँडी हे आयटम पान मधली पायरी गाळून चारमँडरवर थेट चारिझार्ड ठेवू देते, आणि चारिझार्ड ईएक्स हातातून उत्क्रांत होताच डेकमधून अग्निऊर्जेची तीन पानेपर्यंत शोधून आपल्या पोकेमॉनांना हवी तशी जोडता येतात. त्याच्या हल्ल्याला अग्निऊर्जेची दोनच पाने लागतात. एका पाळीत ऊर्जेचे एकच पान जोडण्याचे जे बंधन आहे ते येथे जवळजवळ निकालात निघते, आणि आदल्या पाळीत मांडलेला ७० एचपीच्या आसपासचा एक लहानसा चारमँडर पुढच्या पाळीत १८० नुकसान करणारा प्राणी होऊन उभा राहतो. समोरच्याने जितकी बक्षिसे घेतली असतील तितके ३०-३० त्या हल्ल्यात वाढत जातात, म्हणजे मागे पडलेल्या खेळाडूला डेक स्वतःच हात देतो. याला जोड म्हणून त्याच डेकमध्ये पिजिऑट ईएक्स आहे, जो दर पाळीत एकदा डेकमधले कोणतेही एक पान शोधून हातात देतो.

आता हेच सगळे उलट बाजूने पाहिले तर या डेकची अवघड बाजूही दिसते. दर पाळीत डेकमधल्या उरलेल्या पानांमधून कोणतेही एक निवडण्याची मुभा म्हणजे दर पाळीत डेक चाळून निर्णय घेण्याची जबाबदारी. दहा वर्षांच्या मुलाला किंवा पहिल्यांदाच पत्ते हातात घेतलेल्या मोठ्या माणसाला हे दमवणारे ठरते, आणि समोरचा वाट पाहून कंटाळतो. लीग बॅटल डेक सर्वांत दमदार असतात हे खरे. पण सर्वांत दमदार तोच सर्वांत योग्य असे मानून तो घेतला आणि घरातल्या दुसऱ्याच्या हातात साधा डेक दिला, तर दोघांचाही विरस होतो.

तेव्हा कसोटी दुसरी: पहिला डेक एकटा विकत घेऊ नये, जोडी घ्यावी. हा दोघांचा खेळ आहे आणि सुरुवातीला प्रतिस्पर्धी बहुधा भाऊ, बहीण, मित्र किंवा आईवडीलच असतात, ज्यांच्याकडे स्वतःचा डेक नसतो. दोन डेक तुल्यबळ असले तरच डाव रंगतात. मात्र एकाच वेळी बाजारात आलेली जोडी म्हणजे तुल्यबळच असेल असे समजू नये. २०२३ मध्ये लुकारियो ईएक्स आणि अँफरॉस ईएक्स अशी बॅटल डेकची जोडी आली. पोकेमॉनच्या पानावर खालच्या बाजूला त्याची ‘वीकनेस’, म्हणजे त्याला कोणत्या प्रकारच्या हल्ल्याने दुप्पट इजा होते, ते चिन्हाने दाखवलेले असते. अँफरॉस हा विद्युत प्रकारचा असल्याने त्याची वीकनेस फायटिंग प्रकाराची आहे आणि लुकारियो हा नेमका फायटिंग प्रकारचा आहे; लुकारियोची वीकनेस मात्र सायकिक प्रकाराची, जिचा अँफरॉसला काही उपयोग नाही. बाकी डेक कितीही समान असले तरी एका बाजूचे हल्ले दुप्पट लागत असतील तर धाकट्याच्या हातात कोणता डेक द्यायचा हे ठरवताना घरात थोडे राजकारण होणारच.

याउलट २०२४ च्या बॅटल अकॅडमीतले तीन डेक पाहावेत. त्यांचे मुख्य पोकेमॉन पिकाचू ईएक्स, आर्मारूज ईएक्स आणि डार्कराय ईएक्स असून ते अनुक्रमे विद्युत, अग्नी आणि अंधार या प्रकारांचे आहेत. विद्युत प्रकाराला फायटिंगची भीती, अग्नीला पाण्याची आणि अंधाराला गवताची. म्हणजे तिघांपैकी कोणाचीही दुखरी नस दुसऱ्या कोणाच्या हाती नाही. ही निवड जाणीवपूर्वक केलेली दिसते. ज्या घरात पोकेमॉनचे नियम कोणालाच येत नाहीत तेथे मी डोळे झाकून हीच पेटी सुचवेन, कारण एका खरेदीत दोन-तीन जण खेळू शकतात आणि नियमपुस्तिका वाचून अर्थ लावण्याची कटकट वाचते. तिच्यातले डेक स्पर्धेत नेऊन जिंकण्याइतके ताकदीचे नाहीत, पण त्यासाठी ते बांधलेलेच नाहीत.

बक्षिसांचा हिशेबही जोडी जुळवताना पाहावा लागतो. साधा पोकेमॉन बाद झाला की समोरच्याला एक बक्षीस मिळते, ईएक्स बाद झाला तर दोन, आणि २०२५ मध्ये आलेल्या मेगा ईएक्स प्रकारचा बाद झाला तर तीन. म्हणून फक्त ईएक्सवर अवलंबून असलेला खेळाडू तीन पोकेमॉन गमावूनच हरतो, तर साध्या पोकेमॉनांवर खेळणाऱ्याचे सहा बाद करावे लागतात. मोठ्या आकड्यांची ही किंमत पहिल्या दोन-चार डावांत कोणाच्या लक्षात येत नाही.

आता एक अगदी बारीक गोष्ट, जी खोक्यावर मोठ्या अक्षरांत कोणी सांगत नाही. २०२० पासूनच्या पत्त्यांवर खाली डाव्या कोपऱ्यात एक लहानसे इंग्रजी अक्षर छापलेले असते. स्पर्धांमधल्या ‘स्टँडर्ड’ या प्रकारात कोणती पाने चालतात ते या अक्षरावरून ठरते, आणि ठरावीक काळाने सर्वांत जुने अक्षर बाद होते. एप्रिल २०२५ मध्ये ‘एफ’ अक्षर असे बाहेर गेले. वर वर्णन केलेला चारिझार्ड ईएक्स ‘जी’ अक्षराचा आहे, म्हणजे क्रमाने एफनंतरचाच. घरी किंवा मित्रांत खेळायचे असेल तर या अक्षराकडे ढुंकूनही पाहण्याची गरज नाही. तीन वर्षांपूर्वीचा डेक आजही तितकाच छान चालतो आणि जुना साठा म्हणून तो स्वस्तात मिळाला तर उत्तमच. पण दुकानांत होणाऱ्या स्पर्धांना जाण्याचा विचार असेल तर खोके कितीही चकचकीत असले तरी आतले अक्षर कोणते हे दुकानदाराला विचारूनच पैसे द्यावेत. मूलभूत ऊर्जेची पाने कधीच बाद होत नाहीत, आणि एखादे जुने पान त्याच नावाने व त्याच मजकुराने नव्या अक्षरासह पुन्हा छापले गेले असेल तर जुनी प्रतही चालते, त्यामुळे डेक कालबाह्य झाला तरी त्यातले रेअर कँडी किंवा अल्ट्रा बॉल यांसारखे ट्रेनर वाया जातीलच असे नाही.

बूस्टर पाकिटांबद्दल थोडक्यात एवढेच की त्यांनी डेक बांधता येत नाही. पाकिटात कोणती पाने निघतील हे माहीत नसते, आणि ज्या खेळात एकेका पानाच्या चार-चार प्रती लागतात तेथे योगायोगाने निघालेल्या पानांतून साठांचा सुसंगत डेक जमवायला किती पाकिटे फोडावी लागतील याचा विचार केला तरी खिसा आवळला जातो. पाकिटे फोडण्यात मजा आहे आणि ती मजा म्हणून जरूर फोडावीत. तो खर्च डेकच्या खर्चातून मात्र वेगळा ठेवावा.

आपल्याकडे याहूनही मोठा घोळ नकली पत्त्यांचा आहे. शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळणारी सोनेरी किंवा काळ्या प्लास्टिकची पोकेमॉन पाने अस्सल नसतात. त्यांच्यावर अनेकदा स्पेलिंग चुकलेले असते, एचपीचे आकडे अवास्तव असतात, मागच्या बाजूचा निळा रंग फिका किंवा जांभळट असतो आणि एकाच पाकिटात एकापेक्षा एक दुर्मिळ पाने निघतात. स्पर्धेत ती चालत नाहीत हे उघडच आहे. पण घरी खेळायचे म्हटले तरी त्यांचा उपयोग होत नाही, कारण त्यांत बहुतेक सगळे पोकेमॉनच असतात. मुलाकडे असे शंभर पत्ते असले तरी ऊर्जा नाही, ट्रेनर नाही, चारिझार्ड आहे पण चारमँडर नाही, अशी स्थिती असते. मुलांचा आनंद हिरावून घेऊ नये, पण ‘याच्याकडे इतके पत्ते आहेत, आता आणखी डेक कशाला’ असे म्हणणाऱ्या पालकांनी ही अडचण समजून घ्यावी.

भाषेचाही प्रश्न आहे. आपल्याकडे मिळणारे पत्ते इंग्रजीत असतात आणि प्रत्येक पानावरचा मजकूर हाच त्या पानाचा नियम असतो. मराठी माध्यमातल्या तिसरी-चौथीच्या मुलाला ‘डेकमधून शोध, दाखव, हातात घे, मग पिस’ एवढी कृती इंग्रजीत लहान अक्षरांत वाचून उमजणे कठीण जाते. अशा मुलासाठी ज्याच्या पोकेमॉनांना एकेकच हल्ला आहे आणि ट्रेनरांची नावे मोजकी आहेत असा डेक निवडावा. दोन-चार डावांत त्याला पाने चित्रावरून पाठ होतात आणि मग मजकूर वाचावा लागत नाही. पुनरावृत्ती असलेल्या डेकचा हाही एक फायदा आहे.

पैसे खर्च करण्यापूर्वी खेळ आवडतो की नाही हे पाहायचे असेल तर २०२३ मध्ये आलेले ‘पोकेमॉन टीसीजी लाइव्ह’ हे अधिकृत ॲप मोबाइलवर किंवा संगणकावर विनामूल्य खेळता येते. त्यात सुरुवातीला काही तयार डेक दिले जातात आणि नियम टेबलावरच्या खेळाचेच असतात, त्यामुळे आपल्याला झटपट हल्ला करणारा डेक आवडतो की सावकाश उभा राहणारा, याचा अंदाज घेता येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेले ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’ अधिक लोकप्रिय असले तरी त्यावरून डेक निवडू नये. पॉकेटमध्ये डेक २० पत्त्यांचा, एका नावाच्या प्रती दोनच, ऊर्जा आपोआप मिळणारी आणि बक्षीस-पानांऐवजी तीन गुण असा मामला आहे. तेथे मुरलेला खेळाडू टेबलावर बसतो तेव्हा डेकमध्ये ऊर्जा किती घालायची या साध्या प्रश्नापाशीच अडतो.

इतर खेळांकडे वळणाऱ्यांसाठी येथे एक इशारा द्यायला हवा. पुनरावृत्तीची कसोटी प्रत्येक खेळाला लागू नाही. मॅजिकमधला ‘कमांडर’ हा लोकप्रिय प्रकार १०० पत्त्यांच्या डेकने खेळला जातो आणि मूलभूत जमिनी, म्हणजे तिथली ऊर्जा पुरवणारी पाने, सोडली तर प्रत्येक पान त्यात एकदाच घालता येते. तेथे प्रत्येक डाव वेगळा व्हावा हाच हेतू असल्याने तयार डेक निवडण्याचे निकषही वेगळे ठरतात.

डेक घरी आल्यावर त्यात सुधारणा करण्याची घाई होते. ती करण्यापूर्वी डेक जसा आहे तसा काही दिवस खेळावा आणि डाव संपल्यावर हातात कोणती पाने न खेळता पडून राहिली याकडे लक्ष द्यावे. वारंवार पडून राहणारी पाने हीच काढण्याजोगी. त्यांच्या जागी नवे, देखणे पोकेमॉन आणण्यापेक्षा डेकमध्ये आधीच असलेल्या चांगल्या पानांच्या प्रती दोनवरून तीन, तीनवरून चार करणे जवळजवळ नेहमीच अधिक लाभाचे असते. साध्या बॅटल डेकच्या बाबतीत त्याच डेकचे दुसरे खोके विकत घेऊन दोन्ही एकत्र करणे हा याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. नाही तर मुंबई-पुण्यातली अशा खेळांची दुकाने आणि ऑनलाइन विक्रेते सुटी पाने विकतात. प्रोफेसर्स रिसर्च हात टाकून नवी सात पाने उचलू देते, अल्ट्रा बॉल दोन पाने टाकून कोणताही पोकेमॉन शोधून देते, नेस्ट बॉल बेसिक पोकेमॉन थेट बेंचवर, म्हणजे मागच्या राखीव रांगेत, आणून बसवते आणि बॉसेस ऑर्डर्स समोरच्याने मागे लपवलेला पोकेमॉन पुढे खेचते. असे ट्रेनर झळाळत्या चारिझार्डच्या तुलनेत अगदी किरकोळ किमतीत मिळतात आणि कोणत्याही डेकमध्ये बसतात.

साठाचा आकडा नेमका पाळायचा असल्यामुळे एक पान घातले की एक काढावेच लागते, आणि तेथे नवख्यांचा हात हमखास ऊर्जेकडे जातो. १९९९ च्या पहिल्या तयार डेकांत साठांपैकी २८ पाने ऊर्जेची होती, आजच्या स्पर्धांतले अनेक डेक दहाच्या आसपास ऊर्जेवर चालतात, आणि हे ऐकले की आपल्याही डेकमधली ऊर्जा निम्मी करावीशी वाटते. पण त्या दहा पानांमागे ऊर्जा शोधून आणणारे ट्रेनर आणि चारिझार्डसारखे स्वतःच ऊर्जा ओढून घेणारे पोकेमॉन उभे असतात. ते आपल्या डेकमध्ये नसतील तर ऊर्जेचे एखादेच पान काढावे, काही डाव खेळून पाहावे, आणि हल्ला करायच्या पाळीला ऊर्जा हातात नाही असे वरचेवर होऊ लागले तर ते पान परत घालून दुसरे काहीतरी काढावे.